मोटारसायकलचा यांत्रिक वेगमापक

मोटारसायकलचा यांत्रिक वेगमापक हा चाकाच्या किंवा गिअरपेटीच्या फिरण्यावरून वाहनाचा वेग तबकडीवरील काट्याने दाखवणारा मापक आहे. बोलीभाषेत त्यास स्पीडोमीटर किंवा नुसते ‘मीटर’ म्हणतात. इलेक्ट्रॉनिक संवेदक रूढ होण्यापूर्वीच्या बहुतेक मोटारसायकलींवर हाच प्रकार आढळतो. भारतातील जुन्या रॉयल एनफील्ड बुलेट, येझदी, राजदूत, यामाहा आर.एक्स. १०० आणि हिरो होंडा सी.डी. १०० या गाड्यांचे वेगमापक याच प्रकारचे होते.

वर्षानुवर्षांच्या वापराने या मापकाचा काटा मंदावतो, थरथरतो किंवा प्रत्यक्षापेक्षा कमी-अधिक वेग दाखवू लागतो. अधिक वेग दाखवणारा मापक गैरसोयीचा असतो. कमी वेग दाखवणारा मापक धोकादायक असतो. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे काटा ताशी ५० किलोमीटर दाखवत असताना प्रत्यक्ष वेग ६० असेल, तर ब्रेकना चालकाच्या अंदाजापेक्षा ४४ टक्के अधिक ऊर्जा शोषावी लागते. दोष नेमका कोठे आहे हे बहुधा मापक न उघडताही ठरवता येते, कारण वेग दाखवणारा काटा आणि अंतर मोजणारा ओडोमीटर एकाच केबलवर, परंतु भिन्न तत्त्वांवर चालतात.

इतिहास

फिरत्या तांब्याच्या चकतीचा परिणाम जवळच्या चुंबकसूचीवर होतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रांस्वा आरागो यांनी १८२४ मध्ये दाखवले. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावल्यावर या परिणामाचे कारण स्पष्ट झाले. धातूच्या चकतीत उत्पन्न होणाऱ्या अशा भोवरी प्रवाहांचा, म्हणजेच एडी करंटचा, अभ्यास लेआँ फूको यांनी १८५५ मध्ये केला. या तत्त्वावर आधारलेल्या वेगमापकाचे पेटंट स्ट्रासबुर्ग येथील ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये घेतले. त्यांच्या रचनेचा मूळ गाभा पुढे अनेक दशके फारसा बदलला नाही.

ब्रिटिश मोटारसायकलींवर प्रदीर्घ काळ स्मिथ्स कंपनीचे ‘क्रोनोमेट्रिक’ वेगमापक बसवले जात. ट्रायम्फ, बी.एस.ए., नॉर्टन व व्हिन्सेंट या गाड्यांवर ते आढळतात. त्यांत चुंबक नसतो. घड्याळासारखी यंत्रणा ठरावीक अल्प कालावधीत केबलचे किती फेरे झाले ते मोजते आणि काटा त्यानुसार टप्प्याटप्प्याने सरकतो. त्यामुळे अशा मापकाचा काटा लहान उड्या घेत चालणे हा दोष नसून त्याचा स्वभाव आहे. १९६० च्या दशकात त्यांची जागा स्वस्त व साध्या चुंबकीय मापकांनी घेतली. या लेखातील पुढील वर्णन चुंबकीय मापकाचे आहे.

रचना

यांत्रिक वेगमापकाचे तीन भाग असतात: चालक दंतचक्र, केबल आणि मापक.

चालक दंतचक्र बुलेट व आर.एक्स. १०० यांसारख्या अनेक गाड्यांत पुढील चाकाच्या हबमध्ये असते. काही गाड्यांत ते गिअरपेटीतून चालवले जाते. चाकाबरोबर फिरणारे एक कडे आपल्या दोन कानांच्या साहाय्याने मुख्य चक्रास फिरवते आणि त्यास लागलेला मळसूत्री आसाचा लहान गिअर केबलला गती देतो. कारागीर या भागास ‘मीटर वर्म’ म्हणतात.

केबलमध्ये बाहेरचे स्थिर आवरण आणि आत फिरणारी तार असते. ही तार एकसंध नसून बारीक पोलादी तारांचे अनेक थर परस्परविरुद्ध दिशांनी गुंडाळून बनवलेली असते, त्यामुळे ती वाकूनही पीळ पुढे पोहोचवते. तिची टोके बहुधा चौकोनी असतात.

मापकात केबलबरोबर फिरणारा कायमचा चुंबक, त्यास न स्पर्शता त्याच्याभोवती बसणारी अॅल्युमिनियमची वाटी, वाटीच्या आसावर बसवलेला काटा आणि त्या आसास मागे ओढणारी केसासारखी बारीक सर्पिल स्प्रिंग हे भाग असतात. चुंबकाच्या आसावरील वर्मगिअर ओडोमीटरच्या अंकचक्रांना फिरवतात.

कार्यतत्त्व

चुंबक फिरू लागला की वाटीत भोवरी प्रवाह उत्पन्न होतात. हे प्रवाह आपल्या कारणास विरोध करतात, म्हणजे चुंबक व वाटी यांतील सापेक्ष गती कमी करू पाहतात. परिणामी वाटी चुंबकाच्या दिशेने ओढली जाते. या ओढीचा पीळ चुंबकाच्या वेगाच्या प्रमाणात असतो. स्प्रिंगचा विरोधी पीळ ती जितक्या कोनातून वळते त्याच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही पीळ समान होतील तेथे काटा स्थिरावतो. म्हणून काट्याचा कोन वेगाच्या प्रमाणात असतो आणि तबकडीवरील खुणा समान अंतरांवर छापता येतात.

चुंबक आणि वाटी यांच्यात यांत्रिक जोडणी नसल्याने काट्याची अचूकता चार गोष्टींवर अवलंबून असते: चुंबकाची शक्ती, वाटीचा विद्युत रोध, स्प्रिंगचा ताण आणि आसाचे घर्षण. ओडोमीटरचे तसे नाही. तो दातेरी चक्रांवर चालतो. केबलचे ठरावीक फेरे झाले की अंक पुढे सरकतोच. चुंबक दुर्बळ झाल्याने किंवा स्प्रिंग ढिली पडल्याने त्याच्या मोजणीत फरक पडत नाही.

वाटीला बसणारा पीळ चुंबकीय क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे चुंबकाचे क्षेत्र केवळ ५ टक्क्यांनी घटले, तरी काटा सुमारे १० टक्के कमी वेग दाखवतो.

तापमानाचाही परिणाम होतो. अॅल्युमिनियमचा विद्युत रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. नागपूरसारख्या ठिकाणी हिवाळ्यातील १० अंशांची पहाट आणि उन्हाळ्यातील ४५ अंशांची दुपार यांच्या तुलनेत, अन्य काही उपाय नसता, एकाच वेगाला काट्याचे वाचन सुमारे एक-अष्टमांशाने घटले असते. हा फरक भरून काढण्यासाठी चुंबकाजवळ निकेल-लोह मिश्रधातूची पट्टी किंवा कडे बसवतात. थंडीत ते चुंबकीय क्षेत्राचा काही भाग स्वतःमधून वळवते. उष्णतेत त्याची ही क्षमता घटते आणि वाटीला अधिक क्षेत्र मिळते.

गुणोत्तराचा आकडा

प्रत्येक मापक केबलच्या दर किलोमीटर किंवा दर मैल ठरावीक फेऱ्यांसाठी बनवलेला असतो. काही तबकड्यांवर हा आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो. स्मिथ्सच्या मैलदर्शक मापकांवर १००० किंवा १६०० असे आकडे आढळतात. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. म्हणून दर किलोमीटर १४०० फेऱ्यांच्या मापकाची केबल मिनिटाला १४०० फेरे या गतीने फिरवली असता काटा ६० वर आला पाहिजे.

गाडीकडून मिळणारे फेरे पुढीलप्रमाणे काढतात. टायरवर व जमिनीवर खडूने खूण करून, चालक गाडीवर बसलेला असताना, गाडी ढकलून चाकाचे काही फेरे पूर्ण करतात आणि कापलेले अंतर मोजतात. त्यावरून एका फेऱ्याचे अंतर मिळते. नंतर केबलचे वरचे टोक सोडवून, चाक हाताने दहा वेळा फिरवून, आतील तारेचे फेरे मोजतात. चाक एका फेऱ्यात २ मीटर चालत असेल तर किलोमीटरला ५०० फेरे होतात. चाकाच्या दहा फेऱ्यांत तार २८ वेळा फिरली तर किलोमीटरला १४०० फेरे मिळतात आणि १४०० चा मापक त्या गाडीला जुळतो. त्याच ठिकाणी तार २० वेळाच फिरत असेल तर केवळ १००० फेरे मिळतात. असा मापक प्रत्यक्ष वेग ७० असताना ५० दाखवतो. मापक निर्दोष असूनही जोडी चुकीची असल्याने ही चूक उद्भवते. हब, चाक किंवा मीटर दुसऱ्या मॉडेलचे बसवलेल्या गाड्यांत ती विशेष आढळते.

टायरचा परिणाम

बुलेट ३५० च्या पुढील चाकावर रूढ असलेल्या ३.२५–१९ मापाच्या टायरचा व्यास आकड्यांनुसार सुमारे ६४८ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी ३.५०–१९ टायर बसवल्यास व्यास सुमारे ६६० मिलिमीटर होतो, चाक प्रत्येक किलोमीटरला कमी फेरे घेते आणि वेग व अंतर दोन्ही सुमारे २ टक्के कमी दाखवले जातात. उलट १८ इंची रिमवर ३.२५ चा टायर बसवल्यास दोन्ही सुमारे ४ टक्के अधिक दिसतात. झिजलेला किंवा कमी हवेचा टायरही वाचन किंचित वाढवतो. हा परिणाम ज्या चाकावरून केबल चालते त्याच चाकापुरता असतो. पुढील हबवरून चालणाऱ्या मापकावर मागील टायर बदलल्याने फरक पडत नाही.

अचूकतेचे निकष

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक ३९ नुसार दर्शवलेला वेग प्रत्यक्ष वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. वाहनप्रकाराच्या मान्यतेसाठी अधिकचा फरक प्रत्यक्ष वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर एवढ्या मर्यादेत असावा लागतो. नवे मापक काहीसे अधिक वेग दाखवतात, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ वेगमापकासंबंधी आहे, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ मध्ये वेगमर्यादेची तरतूद आहे.

तपासणी

वेगाच्या तपासणीसाठी सपाट, सरळ व मोकळ्या रस्त्यावर काटा एका आकड्यावर स्थिर ठेवून किलोमीटरच्या दोन दगडांमधील अंतरास लागणारा वेळ मोजतात. ३६०० ला सेकंदांनी भागले असता ताशी किलोमीटरमध्ये प्रत्यक्ष वेग मिळतो. काटा ६० वर असताना ६६ सेकंद लागले तर प्रत्यक्ष वेग सुमारे ५४.५ आहे, ५४ सेकंद लागले तर तो सुमारे ६६.७ आहे, म्हणजे मापक कमी वेग दाखवतो. उपग्रहाधारित वेगदर्शकाशी तुलना करतानाही वेग काही काळ स्थिर असावा लागतो. वेळ मोजण्याचे व नोंदीचे काम मागे बसलेल्या व्यक्तीने करणे सुरक्षित असते. ३०, ४५ व ६० अशा निदान तीन वेगांना नोंद घेतल्यास चूक प्रमाणात आहे की सर्वत्र सारखीच, हे कळते.

अंतराच्या तपासणीसाठी किलोमीटरच्या दगडांनुसार निदान १० किलोमीटर चालवून ओडोमीटरमधील वाढ पाहतात. दोन्ही नोंदी एकत्र ठेवल्यावर पुढील निष्कर्ष निघतात:

– वेग व अंतर दोन्ही एकाच प्रमाणात चुकत असतील, तर दोष टायरचे माप, चालक दंतचक्र किंवा न जुळणारा मापक यांपैकी एकात असतो. मैलदर्शक व किलोमीटरदर्शक मापकांची अदलाबदल झाली असल्यास चुकीचे प्रमाण १.६ च्या जवळ असते.
– अंतर बरोबर पण वेग चूक असेल, तर केबल व दंतचक्र निर्दोष असून दोष मापकातील चुंबक, वाटी, स्प्रिंग किंवा काटा यांत असतो.
– वेग बरोबर पण अंतर थांबलेले असेल, तर ओडोमीटरचे गिअर झिजलेले किंवा तुटलेले असतात.
– दोन्ही बंद असतील, तर तार तुटलेली किंवा चालक दंतचक्र निकामी झालेले असते.
– दोन्ही कमी, आणि तेही अनियमितपणे कमी असतील, तर तारेचे चौकोनी टोक झिजून घसरत असण्याचा संभव असतो.

काट्याची लक्षणे

थरथरणारा काटा हे बहुधा केबलमधील दोषाचे लक्षण असते. कोरडी, मुरडलेली किंवा तीव्र वळणातून नेलेली तार एकसारखी न फिरता अडखळत, झटक्याने फिरते. उंच हँडल बसवल्यानंतर केबल ताणली गेल्यासही असे घडते.

मंद काटा वेग वाढल्यावर उशिरा चढतो व थांबल्यावर सावकाश शून्यावर येतो. वाटीच्या आसाच्या टेकूंमध्ये जुने तेल घट्ट होणे किंवा धूळ बसणे हे त्याचे नेहमीचे कारण असते.

अतिशय अधिक वेग दाखवून तेथेच अडकणारा काटा हा ग्रीसच्या अतिवापराचा परिणाम असू शकतो. फिरती तार ग्रीस वर चढवते. ते मापकात शिरून चुंबक व वाटी यांना एकमेकांस चिकटवते.

गाडी उभी असताना शून्याच्या वर थांबणारा काटा आसावर सरकलेला असतो किंवा त्याची स्प्रिंग ताणली गेलेली असते.

दुरुस्ती

दुरुस्तीचा क्रम चाकाकडून मापकाकडे जातो, कारण खालचे भाग सहज उघडता येतात आणि मापक उघडताना तो कायमचा बिघडण्याचा धोका असतो.

चालक दंतचक्र. पंक्चर काढण्यासाठी पुढील चाक उतरवल्यानंतर वेगमापक बंद पडल्याची तक्रार सर्रास असते. चाक परत बसवताना कड्याचे कान आपल्या खाचांत न बसता आस आवळला गेला, तर ते वाकतात किंवा तुटतात. म्हणून आस आवळण्यापूर्वी चाक हाताने फिरवून तार फिरते का, हे पाहतात. कोकणासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात झिजलेल्या सीलमधून पाणी शिरून वर्म गंजतो. तेथे जुने ग्रीस काढून नवे भरणे व सील बदलणे आवश्यक ठरते.

केबल. मापकाच्या बाजूची चाकी सोडवून आतील तार बाहेर ओढतात व रॉकेलमध्ये धुऊन पुसतात. सपाट काचेवर लोळवली असता ती उड्या मारत असेल, तर ती मुरडलेली असते व बदलावीच लागते. तारा सुटलेल्या किंवा टोके गोलसर झालेली असतील तरीही ती बदलतात. चांगल्या तारेवर हलक्या ग्रीसचा पातळ थर देतात, मात्र मापकाकडील सुमारे २० सेंटिमीटर भाग पुसून कोरडा ठेवतात. केबलची वळणे सुमारे १५ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा तीव्र नसावीत आणि हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवल्यावरही ती ताणली जाऊ नये. नवी तार मूळ लांबीचीच असावी लागते: लांब तार मापकाच्या आसावर दाब देऊन तो झिजवते, आखूड तार निसटते.

मापक. केबलचा दोष नाही याची खात्री झाल्यावरच मापक उघडतात. तो गाडीवरून काढून, योग्य दिशा पाहून, ज्ञात व नियंत्रित गतीच्या विद्युत ड्रिलने फिरवला असता दोष मापकातच आहे का, हे निश्चित होते. अनेक मापकांची काच धरणारी धातूची कडा दाबून बंद केलेली असते. ती बोथट हत्याराने सर्व बाजूंनी थोडी थोडी उचलावी लागते. काटा काढण्यापूर्वी तो टेकणखुंटीवरून हलकेच उचलून मोकळा सोडतात. तो शून्याच्या खाली जेथे थांबतो ती त्याची विश्रांतीची जागा होय. तिची खूण करून ठेवतात, कारण स्प्रिंगला दिलेला प्रारंभिक ताण त्यावरून समजतो. आसाच्या टेकूंवरील घट्ट झालेले तेल काढून घड्याळाच्या तेलाचा एक सूक्ष्म थेंब देतात. वाटी व चुंबक पूर्णपणे कोरडे ठेवतात. द्रावके तबकडीवरील छपाई व ओडोमीटरची प्लॅस्टिकची चक्रे खराब करू शकत असल्याने त्यांचा वापर टाळतात.

समायोजन

समायोजनाची पद्धत चुकीच्या स्वरूपावर अवलंबून असते. सर्व वेगांना फरक सारखाच असेल, उदाहरणार्थ ३० ला ५ आणि ६० लाही ५, तर काटा आसावर योग्य जागी पुन्हा बसवणे किंवा स्प्रिंगचा प्रारंभिक ताण बदलणे पुरेसे असते. फरक वेगाच्या प्रमाणात वाढत असेल, उदाहरणार्थ ३० ला ३ आणि ६० ला ६, तर काटा सरकवून तो दूर होत नाही. तसे केल्यास एका वेगाला वाचन बरोबर येते आणि इतर सर्व वेगांना चुकते. अशा वेळी चुंबकाची शक्ती बदलावी लागते. दुर्बळ चुंबक विशेष यंत्राने पुन्हा चुंबकित करतात व नंतर तो ठरावीक गतीने फिरवत त्याची शक्ती हळूहळू उतरवून काटा योग्य खुणेवर आणतात. हे काम मापक दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञ कारागिराकडेच होते.

मापक बदलणे व ओडोमीटरची नोंद

दुरुस्ती शक्य नसल्यास त्याच गुणोत्तराचा, त्याच दिशेने फिरणारा व त्याच एककात वेग दाखवणारा मापक निवडावा लागतो. मापक बदलताना जुन्या ओडोमीटरवरील आकडा व तारीख लिहून ठेवण्याची प्रथा आहे. तेलबदलाचे अंतर, इंधनाचा सरासरी वापर आणि गाडीचे एकूण चाललेले अंतर त्यावरून पुढे काढता येते. विक्रीच्या वेळी मापक बदलल्याचे सांगितले नाही, तर कमी आकड्यामुळे ग्राहकाची फसवणूक होते.

दुरुस्तीनंतर वेग व अंतर या दोन्ही चाचण्या पुन्हा घेतात. काटा पूर्वीसारखा हलू लागणे म्हणजे तो अचूक असणे नव्हे. केबल बदलल्यावर सुरळीत चालणारा काटाही न जुळणाऱ्या दंतचक्रामुळे ७० ला ५० दाखवू शकतो.